दार बंद करण्याआधी सांगा: जपानी आरपीजी घडवणाऱ्यांना खुले पत्र

जपानी रोल-प्लेइंग गेम घडवणाऱ्या सर्व दिग्दर्शकांना, गेम डिझायनरांना आणि लेखकांना,

सप्रेम नमस्कार.

नवा जेआरपीजी (ज्यात आपण एका पात्राची भूमिका घेऊन लांबलचक कथा खेळतो असा जपानी आरपीजी) हातात आला की आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो तो असा: "यात काय काय सुटतं?" म्हणजे कोणतं पात्र, कोणतं शस्त्र, कोणता शेवट असा आहे, की एकदा पुढे गेलं की परत हाती लागत नाही. कथा कशी आहे, लढाई कशी आहे, हे नंतर. ज्याने आधी खेळलाय तो यादी पाठवतो आणि ती यादी मोबाईलवर उघडी ठेवून बाकीचे खेळायला बसतात. तुम्ही कित्येक वर्षं खपून उभं केलेलं जग आम्ही असं दुसऱ्याच्या यादीवरून, खाली मान घालून बघतो. मला याचं फार वाईट वाटतं.

मी लहानपणापासून हे खेळ खेळत आले आहे. इंग्रजी नीट वाचता येऊ लागलं त्याला शाळेइतकेच तुमचे संवादही कारणीभूत आहेत. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं असलं तरी परक्या माणसाचं नाही. मागणी एकच आहे. रहस्य जरूर ठेवा, कोडी घाला, आम्हाला भटकू द्या. पण एखादं दार कायमचं बंद होणार असेल, तर ते बंद होण्याआधी खेळाच्या आतच कुठेतरी तसं सांगा.

मी कशाबद्दल बोलते आहे ते एका उदाहरणाने सांगते. 'फायनल फँटसी १२' २००६ साली आला. खेळ सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. व्हान हा पोरगा रबानास्त्र शहराखालच्या गरीब वस्तीत, लोटाउनमध्ये, म्हाताऱ्या दालानला भेटायला जातो. दालानच्या घराबाहेर एक पेटी ठेवलेली आहे. रंग, आकार, आवाज, सगळं इतर पेट्यांसारखं. पेटी दिसली की उघडायची, हे तोवर खेळानेच आपल्याला शिकवलेलं असतं. म्हणून आपण उघडतो, आत किरकोळ काहीतरी मिळतं आणि पुढे जातो. त्या क्षणी खेळातलं सर्वांत जबरदस्त शस्त्र, झोडियाक स्पिअर, जिथे हमखास मिळायचं तिथून ते नाहीसं झालेलं असतं. अशा पेट्या चार ठिकाणी आहेत: लोटाउनमध्ये, राजवाड्याच्या तळघरात, नाल्बिनाच्या तुरुंगात आणि फॉनच्या किनाऱ्यावर. चारही ठिकाणी हात न लावता पुढे गेलात तरच, कितीतरी तासांनंतर, नाबुदिसच्या भग्न अवशेषांत तो भाला मिळतो. यातली एक जरी उघडली असेल, तर उरते ती अगदी नगण्य शक्यता.

हे कोणत्या पात्राच्या तोंडून येत नाही. भिंतीवर लिहिलेलं नाही. दालान, जो शहरातली सगळी बित्तंबातमी राखून असतो, तो एका शब्दाने सुचवत नाही. पेटी उघडल्यावर काही गमावलंय याचीही चाहूल लागत नाही. ज्याच्याकडे गाइड (खेळातली उत्तरं आधीच सांगणारं मार्गदर्शक) नाही, त्याला आपलं काय गेलं हे खेळ संपेपर्यंत कळत नाही. ज्याच्याकडे आहे, त्याला कोडं सोडवल्याचा आनंद मिळत नाही, कारण सोडवण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

पुढे तुम्हीच ही अट काढून टाकलीत. २०१७च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे सुधारून पुन्हा काढलेल्या आवृत्तीत, लोटाउनची ती पेटी बिनधास्त उघडता येते. म्हणजे हे चुकलं होतं याची जाणीव तुमच्या घरात आहे. ही जाणीव रीमास्टरपर्यंत का थांबते, एवढंच मला विचारायचं आहे.

'फायनल फँटसी १०'मध्ये वादळी मैदानात सलग २०० विजा चुकवाव्या लागतात, तेव्हा लुलू या पात्राच्या खास शस्त्रासाठी लागणारी वस्तू मिळते. किती चुकवायच्या हे खेळ सांगत नाही. किती झाल्या याचा आकडा पडद्यावर येत नाही. एक वीज अंगावर पडली की मोजणी पुन्हा शून्यापासून. अवघड आव्हानाला माझी हरकत नाही, लोक आवडीने करतात. पण कोपऱ्यात एक साधा आकडा दिसला असता, तर आव्हान तेवढंच अवघड राहिलं असतं आणि माणूस कागदावर रेघा ओढत बसला नसता. 'फायनल फँटसी ९'मध्ये १२ तासांच्या आत शेवटच्या टप्प्यात पोचलं तरच एक्सकॅलिबर २ ही तलवार मिळते. जो पहिल्यांदा खेळतोय, गावोगावी थांबून लोकांशी बोलतोय, ज्या खेळाडूसाठी तुम्ही तो सगळा संसार मांडलात, नेमका तोच इथे वंचित राहतो.

शस्त्र सुटलं तर निभतं. शेवट सुटला तर काय करायचं?

'पर्सोना ५ रॉयल' (२०१९) हा माझा अतिशय आवडता खेळ. एप्रिलपासूनचं शालेय वर्ष, रोज दुपारी एक काम आणि रात्री एक काम, कुणाला वेळ द्यायचा ते आपण ठरवायचं. वीसहून अधिक माणसांशी मैत्री करता येते आणि सगळ्यांना पुरेसा वेळ देणं पहिल्या खेपेला जवळपास अशक्य. ही ओढाताण हाच त्या खेळाचा जीव आहे. ती मला हवीच आहे. पण या आवृत्तीसाठी म्हणून जो नवा भाग लिहिला गेला, जानेवारीतलं ते शाळेचं तिसरं सत्र, ते उघडायला शाळेचे समुपदेशक ताकुतो मारुकी यांच्याशी असलेलं नातं १८ नोव्हेंबरच्या आधी नवव्या पायरीवर न्यावं लागतं. न नेलं, तर तो भाग येतच नाही. नेहमीचा शेवट होतो, नामावली सरकते, आणि खेळाडूला वाटतं झालं, संपलं. मूळ 'पर्सोना ५' आधी खेळलेला माणूस तर चक्रावून जातो, की मग यात नवीन ते काय होतं?

त्या वीसेक लोकांपैकी कुणाशी नातं राखलं नाही तर फक्त एक गोष्ट अपुरी राहील आणि कुणाशी राखलं नाही तर खेळाचा अख्खा शेवटचा अंक जाईल, हा फरक खेळ आपल्याला सांगत नाही. ऑक्टोबरात एखाद्या दुपारी मारुकींच्या खोलीत जाण्याऐवजी मी रामेनच्या दुकानात मित्राबरोबर बसले, तर ती निवड माझी. पण पणाला काय लागलंय हेच ठाऊक नसेल तर त्याला निवड कशी म्हणायची? मोर्गाना हे मांजर रात्री झोपायला लावायला हजर असतं. त्याच मोर्गानाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात "मारुकी सरांकडे फार दिवस गेला नाहीस, ते शाळेत असेपर्यंतच भेट होईल" एवढं म्हटलं असतं आणि त्यात थोडी निकड असती, तर काय बिघडलं असतं? रहस्य तसंच राहिलं असतं.

'पर्सोना ४'मध्येही खऱ्या शेवटापर्यंत पोचायला डिसेंबरात इस्पितळातल्या प्रसंगात नेमकी उत्तरं द्यावी लागतात. तिथे निदान पात्रं आपापसांत वाद घालतात, घाई करू नका म्हणून सुचवतात, विचार करणाऱ्याला वाट सापडू शकते. १९९९च्या 'व्हॅल्किरी प्रोफाइल'ची गोष्ट मात्र फार वेगळी. खरा शेवट हवा असेल तर नायिकेचा 'सील' नावाचा आकडा कमी राखायचा, ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी जायचं. इतक्या सुंदर खेळाचा इतका सुंदर शेवट बहुतेकांनी गाइड वाचूनच पाहिला असणार.

आता तुमची बाजू. ती मला समजते, आणि तिचा इतिहास मला प्रिय आहे. १९८४मध्ये जपानच्या आर्केडांत, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांत, 'टॉवर ऑफ द्रुआगा' आला. ६० मजले, आणि मजल्यांवर दडवलेल्या पेट्या. त्या दिसण्यासाठी काय करायचं याचा पत्ता यंत्र लागू देत नसे. मग आर्केडमध्ये वह्या ठेवल्या गेल्या. कुणी आपल्याला सापडलेली युक्ती लिहायचा, दुसरा त्यात भर घालायचा. पुढे शाळेत, मासिकांतून, जाडजूड मार्गदर्शक पुस्तकांतून हीच देवाणघेवाण वाढत गेली. न सांगणं हा तिथे माणसांना एकत्र आणण्याचा मार्ग होता. तुमच्यापैकी अनेकजण त्याच वह्यांवर वाढले असणार.

पण ती वही आर्केडमध्ये होती म्हणून ते चाललं. तुमचे खेळ आता कोल्हापुरात, ठाण्यात, नाशकात खेळले जातात. ती मार्गदर्शक पुस्तकं इथल्या दुकानांत कधी आली नाहीत, ती जपानीत. इथला खेळाडू दिवसभराची नोकरी आणि लोकलचा प्रवास उरकून रात्री साडेदहाला कन्सोल लावतो. त्याच्या शेजारी तो खेळ खेळणारं दुसरं कुणी बहुधा नसतंच. वहीच्या जागी इंटरनेट आलं म्हणावं, तर तिथे एक प्रश्न विचारला की पाच उत्तरांबरोबर कथेतल्या कुणाचा तरी मृत्यूही वाचायला मिळतो.

आणि तुमच्याच परंपरेत याचं उत्तर किती आधीपासून आहे! १९८६चा 'ड्रॅगन क्वेस्ट' घ्या. युजी होरी हे 'शोनेन जंप' साप्ताहिकातून व्हिडिओ गेमबद्दल लिहीत. कन्सोलवर खेळणाऱ्या मुलांना असा खेळ माहीतच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी खेळाडूला सुरुवातीलाच राजाच्या दालनात कोंडलं. राजाशी बोला, पेटी उघडा, किल्ली घ्या, दार उघडा, जिना उतरा. बाहेर पडेपर्यंत सगळ्या आज्ञा शिकून झालेल्या. शिकवणीचा वेगळा तास नाही, पडदाभर मजकूर नाही.

त्याच खेळात रोतो या दंतकथेतल्या वीराची खूण शोधायची आहे. ती दलदलीत पुरलेली, वरून काहीच दिसत नाही. पण एक म्हातारा दक्षिणेकडे ७० आणि पूर्वेकडे ४० असं अंतर सांगतो, आणि राजकन्येने दिलेली भेटवस्तू आपण किल्ल्यापासून किती दूर आहोत ते सांगते. दोन गोष्टी दोन टोकांना ठेवल्यात, जोडायच्या आपण. जोडल्या की पावलं मोजत त्या चिखलात उभं राहायचं आणि शोध म्हणायचं. असं कोडं सोडवल्यावर जो आनंद होतो तो कुठल्याही यादीतून मिळत नाही. आठ बिटांच्या यंत्रावर, नखाएवढ्या जागेत हे बसवलं होतं.

'फायनल फँटसी ६' (१९९४) मधली तरंगती भूमी आठवा. सहा मिनिटांचं घड्याळ उलटं चाललंय, जमीन कोसळतेय, आपण कडेला पोचतो. खाली विमान वाट बघतंय. पडद्यावर दोन पर्याय: उडी मार, किंवा थांब. थांबलो, शेवटच्या काही सेकंदांपर्यंत थांबलो, तर मागे राहिलेला सोबती, शॅडो, धावत येतो. उडी मारली तर तो कायमचा गेला. हेही दार कायमचंच बंद होतं, पण 'थांब' हा शब्द समोर लिहिलेला आहे. मागे राहिलेला माणूस कोण हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याने उडी मारली त्याला रुखरुख लागते, फसवल्याची भावना येत नाही. मला जे म्हणायचंय ते सगळं या दोन पर्यायांत आहे.

'क्रोनो ट्रिगर'मध्ये काळाच्या टोकाला दिव्याच्या खांबाखाली एक म्हातारा उभा असतो. खेळ शेवटाकडे आला की तो उरलेल्या कामांबद्दल एकेक वाक्य बोलतो. इच्छाशक्तीच्या बळावर जंगल परत आणू पाहणारी एक बाई आहे, असं काहीसं. कुठे, कधी, कसं, ते आपण शोधायचं. 'निअर: ऑटोमाटा'ने तर पहिला शेवट झाल्यावर सरळ संदेश दाखवला की खेळ इथे संपलेला नाही, पुढे खेळत राहा. त्या एका संदेशामुळे किती लोक त्या खेळाच्या खऱ्या गाभ्यापर्यंत पोचले असतील!

गुप्तता हाच ज्यांचा बाणा, त्यांनीही दोन पावलं टाकलीच. 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२मध्ये आला. भेटलेली माणसं कुठे होती याची नोंद नाही, त्यांची गोष्ट आपण न बघताच पुढे सरकून संपते, म्हणून लोक हैराण झाले. मार्चमध्येच आलेल्या अपडेटने भेटलेल्या पात्रांची खूण नकाशावर दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे त्या जगाचं गूढ जरासुद्धा उणावलं नाही.

आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. इथे दोन टोकं दिसतात आणि दोन्हींचा त्रास होतो. 'फायनल फँटसी १३' अकराव्या प्रकरणापर्यंत बोट सोडत नाही. एकूण प्रकरणं तेरा. मोकळं मैदान समोर येतं तेव्हा खेळ संपत आलेला असतो. दुसऱ्या टोकाला 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स २'. या खेळाची लढाई मला मनापासून आवडते. एक हल्ला दुसऱ्यात गुंफायचा, घटकांची साखळी तीन टप्प्यांत पूर्ण करायची, मग शत्रूभोवती गोळा फिरू लागतो, असे गोळे जमवायचे आणि अखेरच्या साखळी-हल्ल्यात एकेक फोडायचे. एकदा हे बसलं की हात आपोआप चालतात. पण हे सगळं समजावणारी पाटी पडद्यावर एकदाच येते. बटण दाबलं की गेली. नंतर मेन्यूत जाऊन ती वाचता येत नाही. शहरांत माहिती विकणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून पैसे मोजून काही टिपा घ्याव्या लागतात. खेळ कसा खेळायचा ही माहिती खेळातल्याच बाजारात विकत का घ्यायची? होकायंत्र दिशा आणि अंतर दाखवतं, पण जायचंय ते वर की खाली हे कळत नाही, आणि ते जग तर थरावर थर रचलेलं. तो खेळ घडवणाऱ्या मोनोलिथ सॉफ्टनेच २०२२च्या तिसऱ्या भागात वाट दाखवणारी रेघ दिली, सरावाची सोय दिली, टिपा हव्या तेव्हा वाचायला ठेवल्या. लढाईची खोली तशीच राहिली आणि माझ्या ओळखीतल्या ज्यांनी दुसरा भाग अर्ध्यात सोडला होता, त्यांनी तिसरा संपवला.

हे एकदाच दिसून जाणारे मजकूर आमच्यासारख्यांना जास्त नडतात. जपानीतून इंग्रजीत आलेलं आम्ही मराठी डोक्याने वाचतो. मराठी माध्यमातला सातवी-आठवीतला मुलगा एक पाटी दोनदा वाचेल, एखाद्या शब्दाला अडेल, आणि तेवढ्यात संवाद आपोआप पुढे सरकलेला असेल. मागचे संवाद परत वाचायची सोय पर्सोनामध्ये वर्षानुवर्षं आहे, ती प्रत्येक खेळात का नाही? अक्षरं मोठी करण्याची सोय का नाही? या दोन गोष्टींनी कुठलंही रहस्य फुटत नाही.

तेच खंड पडण्याबद्दल. साठ-सत्तर तासांचा खेळ कामाधंद्याचा माणूस काही महिन्यांत संपवतो. मधे दिवाळी येते, घरी आजारपण येतं, परीक्षा येतात. तीन आठवड्यांनी सेव्ह फाइल उघडली की आपण एका अनोळखी किल्ल्याच्या पायरीवर उभे, कशासाठी आलो होतो आठवत नाही. 'पोकेमॉन फायररेड'ने २००४मध्ये, हातात मावणाऱ्या यंत्रावर, खेळ पुन्हा सुरू करताना आधी काय घडलं ते थोडक्यात दाखवलं होतं. 'ड्रॅगन क्वेस्ट ११' आतापर्यंतची कथा सांगतो आणि मगच खेळायला सोडतो. ज्या खेळात ही सोय नाही, तो अनेकजण तिथेच सोडून देतात आणि उरलेली गोष्ट यूट्यूबवर बघतात.

तुम्ही म्हणाल, सगळ्यावर बाण आणि खुणा लावल्या तर शोधण्याची मजाच जाईल. मला तसे बाण नकोच आहेत. नकाशाभर ठिपके पसरलेले आणि आपण एकेक खोडत चाललोय, असे खेळ भरपूर आहेत. मी तुमच्याकडे त्यासाठी येत नाही. मला ते दलदलीतलं कोडं हवंय, तो दिव्याखालचा म्हातारा हवाय. मी फक्त हे म्हणते आहे, की लपवायचं ते शोधता येईल असं लपवा, आणि जे हिरावणार असाल त्याची पूर्वसूचना द्या.

मार्ग अगदी साधा आहे. 'ट्रेल्स इन द स्काय'ने २००४मध्ये कामांच्या फलकावर प्रत्येक कामापुढे मुदत लिहिली होती, अल्प, मध्यम, दीर्घ. त्यावरून आधी काय उरकायचं ते समजायचं. (त्याच खेळात फलकावर न येणारी कामंही होती आणि ती बिनबोभाट निघून जायची, हे दुर्दैव.) तुमच्या पुढच्या खेळात कथेला मोठं वळण देणाऱ्या दरवाज्यापाशी, जिथे तुम्ही नाहीतरी "सेव्ह करायचं का?" असं विचारता, तिथे आणखी एक ओळ लिहा: "इथून पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या तीन गोष्टी कायमच्या बंद होतील." कोणत्या तीन, कुठे, कुणाकडे, ते मुळीच सांगू नका. आम्ही मोबाईल बाजूला ठेवू, मागे फिरू, आणि त्या शोधून काढू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक खेळाडू